सोमवार सोडून

अंगणवाडीच्या भिंतीवर भारताचा नकाशा आहे,
पोरांचा हात पोचतो तिथपर्यंत मळलेला.
श्रीलंका तर उरलीच नाही.
पोरं झोपली की मी स्टुलावर चढते
आणि लेंगऱ्यापासनं कोलकात्यापर्यंत माप घेते:
एक वीत, वर चार बोटं.

एवढंच?
एवढंच अंतर कापत माझा भाऊ
अठ्ठावीस वर्षांत सहा वेळा गावाला आला.
त्यातली दोन मयतं.

हणमंत गलाईवाला.
आमच्या खानापूर तालुक्यात घरटी एकजण तरी
कुठं ना कुठं सोनं वितळवत बसलेला असतो,
कोण मदुराईला, कोण सिलिगुडीला,
आणि इकडं त्यांचे बंगले उभे,
कुलपात तेल सोडायला माणूस ठेवून.
आमचा बंगला झाला नाही.
एक मजला झाला. जिना वर जातो
आणि उघड्यावर संपतो,
तिथं मी मिरच्या वाळत घालते.

यंदा भिशी लागली. म्हटलं, जायचं.
जन्मात पुण्याच्या पुढं गेले नाही,
पुण्यातही ससून तेवढं बघितलं.
जुन्या हजेरीपटाच्या मागल्या पानावर लिहायला घेतलं:
मिरज ते पुणे. पुणे ते हावडा, दोन रात्री.
शाळूचं पीठ पाच किलो.
खर्डा, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून.
गोधडी नको (हणमंत म्हणतो तिकडं घाम येतो).

पोस्टातल्या नूरजहाँनं मोबाईलवर बघून सांगितलं,
ट्राम आहे म्हणे, भर रस्त्यातनं रूळ,
आणि नदीतनं पलीकडं न्यायला बोट, तिकीट अगदी थोडं.
एका मोठ्या म्युझियममधे
कापडात गुंडाळलेलं मढं ठेवलंय,
हजारो वर्षं झाली,
कुणी न्यायला आलं नाही.
ते मी लिहिलं. मग खोडलं.
मग परत लिहिलं.

रात्री फोन लावला.
"हणमा, काय काय बघण्यासारखं आहे रं तिथं?"
"बघायचं काय. माणसंच माणसं."
"आणि तो मोठा पूल?"
"हाय की. माल आणायला जातो तवा दिसतो."
"बोट?"
"बोटीत कशाला बसू मी?"
"व्हिक्टोरिया?"
"सोमवारी बंद असतंय."
"तुला कसं ठाऊक?"
मागं भट्टीचा पंखा घरघरत होता.
"एकदाच गेलतो. सोमवार होता."

एवढं बोलून खोकला.
तो खोकला मी ओळखते, अॅसिडचा आहे,
त्याला वेलदोडा चालत नाही, काढा चालत नाही.
मी विचारलं, "मग आत नाही गेलास?"
"भाईरनं बघितलं. पांढरं हाय."

फोन ठेवला आणि पहिल्यांदा
वहीतला सोमवार खोडून काढला.
सगळेच सोमवार.
मग जिथं जिथं एक तिकीट लिहिलं होतं
तिथं एकाचे दोन केले.
ट्राम, दोन. बोट, दोन.
मढं बघायला, दोन.
बेरीज भिशीच्या बाहेर गेली,
तर गोट शेळीसकट विकायचा की नुसती शेळी
यावर सकाळपर्यंत जागी होते.

शेळी विकली. भोपळी रंगाची, गुणाची होती.

दुपारी वर्गातली शरयू नकाशाला बोट लावून म्हणाली,
"बाई, हितं काय हाय?"
तिचं बोट समुद्रातच होतं,
पण मी म्हटलं, हितं माझा भाऊ.

काल परत फोन केला.
म्हटलं, मंगळवारी भट्टी पेटवू नको.
"का गं?"
तुला तुझं गाव दाखवायला आणत्येय.
"ते माझं गाव न्हाई."
मग कुणाचं? म्हटलं.
गिऱ्हाईक आलं होतं बहुतेक. त्यानं फोन ठेवला.

मी वहीत लिहिलं:
मंगळवार, सकाळी दहा, व्हिक्टोरिया.
आतनं.
हणमाला चांगली चप्पल घ्यायला लावणे.